हालचाल ओळखणारी व्हिडिओ गेम साधने : कार्यतत्त्व, उपयोग आणि ग्रामीण महाविद्यालयांपुढील संधी

सारांश

मानवी शरीराची हालचाल टिपून तिचे रूपांतर पडद्यावरील क्रियेत करणारी साधने 2006 नंतर व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मोठ्या प्रमाणावर प्रचलित झाली. निन्टेन्डो कंपनीचे 'वी', सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन मूव्ह' व मायक्रोसॉफ्ट कंपनीचे 'किनेक्ट' ही त्यांतील प्रमुख उदाहरणे होत. प्रस्तुत लेखात या साधनांमागील भौतिकशास्त्रीय तत्त्वे, त्यांचे उपचार व शिक्षण या क्षेत्रांतील उपयोग आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. हाच संवेदक आज विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये उपलब्ध आहे; तेव्हा हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी त्याचा प्रयोगशाळेत उपयोग कसा करावा, याचाही विचार लेखात केला आहे.

बीजशब्द : त्वरणमापी, घूर्णदर्शी, अवरक्त किरण, किनेक्ट, मोबाईल संवेदक, विज्ञान अध्यापन

प्रस्तावना

व्हिडिओ गेम म्हटले की एका जागी बसून बोटांनी कळा दाबणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. खेळ आणि शरीर यांची फारकत करणारे साधन म्हणून त्यावर टीकाही झाली. या टीकेला तंत्रज्ञानाने दिलेले उत्तर म्हणून हालचाल ओळखणाऱ्या साधनांकडे पाहता येते. खेळाडूने हात फिरवला की पडद्यावरील रॅकेट फिरते. तो उडी मारतो, तेव्हा पडद्यावरील आकृतीही उडी मारते. वरकरणी हा चमत्कार वाटतो. वस्तुतः त्यामागे न्यूटनचे गतिविषयक नियम, प्रकाशाचे मार्गक्रमण आणि त्रिकोणमिती यांपलीकडे फारसे काही नाही, आणि हे सर्व विषय आपल्या पदवी अभ्यासक्रमात शिकवले जातात.

1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याला या विषयाशी जोडणारा एक विशेष धागा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. अतिसूक्ष्म हालचालीचे मापन हाच त्या वेधशाळेच्या कार्याचा गाभा आहे. म्हणून खेळण्यातील संवेदकापासून वेधशाळेपर्यंत जाणारी ही वाट येथील अध्यापकांना परिचित असणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे

1. हालचाल ओळखणाऱ्या साधनांचे कार्यतत्त्व स्पष्ट करणे.
2. खेळाबाहेरील त्यांच्या उपयोगांचा आढावा घेणे.
3. या साधनांच्या तांत्रिक व सामाजिक मर्यादांची चर्चा करणे.
4. ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापनात त्यांचा उपयोग सुचविणे.

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित दुय्यम माहितीवर आधारित आहे.

पूर्वपीठिका

खेळाडूची हालचाल टिपण्याचे प्रयत्न 2006 पूर्वीही झाले होते. 1989 मध्ये बाजारात आलेला 'पॉवर ग्लव्ह' हा हातमोजा ध्वनितीत लहरींच्या साहाय्याने हाताचे स्थान शोधत असे. परंतु अचूकतेच्या अभावी तो टिकला नाही. 2003 मध्ये सोनी कंपनीने 'आयटॉय' हा साधा कॅमेरा आणला. त्याला खेळाडूची सपाट प्रतिमा दिसे, अंतर मात्र कळत नसे. 2006 च्या अखेरीस आलेल्या 'वी' या संचाने हे चित्र पालटले. त्याचे 10 कोटींहून अधिक नग विकले गेले. सप्टेंबर 2010 मध्ये 'प्लेस्टेशन मूव्ह' आणि नोव्हेंबर 2010 मध्ये 'किनेक्ट' बाजारात आले. किनेक्टच्या पहिल्या 60 दिवसांत 80 लाख नगांची विक्री झाली व त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली.

या सर्व साधनांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात संवेदक खेळाडूच्या हातात असतो. दुसऱ्या वर्गात तो खेळाडूसमोर ठेवलेला असतो. पहिला हालचाल 'अनुभवतो', दुसरा ती 'पाहतो'. पुढील विवेचन या वर्गीकरणानुसार केले आहे.

हातातील संवेदक : त्वरणमापी व घूर्णदर्शी

'वी'च्या हातात धरावयाच्या नियंत्रकात त्वरणमापी म्हणजेच ॲक्सेलरोमीटर बसविलेला होता. हा सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा होय. त्यात सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर एक लहानसे वस्तुमान टांगलेले असते. या वस्तुमानाला जोडलेल्या पट्ट्या आणि भोवतालच्या स्थिर पट्ट्या मिळून धारित्र तयार होते. नियंत्रकाला झटका बसला की जडत्वामुळे वस्तुमान किंचित मागे राहते, पट्ट्यांमधील अंतर बदलते व त्यासोबत धारकताही बदलते. हा बदल विद्युतसंकेताच्या रूपात मोजला जातो. एस.टी. बस अचानक सुरू झाली असता उभा प्रवासी मागे झुकतो, तोच हा परिणाम आहे. परस्परांना लंब अशा तीन अक्षांवर हे मापन होत असल्यामुळे त्वरणाची दिशाही समजते.

त्वरणमापी स्थिर असतानाही शून्य दाखवीत नाही, ही बाब विद्यार्थ्यांना प्रथम समजावून द्यावी लागते. टेबलावर ठेवलेला संवेदक 9.8 मीटर प्रति वर्ग सेकंद इतके त्वरण दाखवितो. कारण टेबल त्याला वर ढकलून मुक्त पतनापासून रोखत असते. हातातून सुटून पडणारा संवेदक मात्र शून्य दाखवितो. या गुणधर्मामुळेच साधनाचा कल मोजता येतो. संवेदक 30 अंशांनी कलला तर कललेल्या अक्षावर गुरुत्वाचा निम्मा भाग येतो, कारण 30 अंशांची ज्या 0.5 आहे. मोबाईल आडवा करताच पडद्यावरील चित्र आडवे होते, किंवा 'टेम्पल रन'सारख्या खेळात मोबाईल कलवताच धावणारी आकृती बाजूला सरकते, ते याच तत्त्वावर.

तथापि त्वरणमापीला दोन गोष्टी कळत नाहीत. एक, साधन कलले आहे की ते त्या दिशेने झटक्याने नेले जात आहे, यांतील भेद केवळ एका क्षणाच्या मापनावरून करता येत नाही. दुसरी, उभ्या अक्षाभोवतीचे फिरणे त्याला ओळखता येत नाही, कारण त्यात गुरुत्वाची दिशा बदलत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जून 2009 मध्ये निन्टेन्डोने 'मोशन प्लस' ही जोड आणली. तिच्यात घूर्णदर्शी म्हणजेच गायरोस्कोप होता. या सूक्ष्म घूर्णदर्शीत फिरणारे चाक नसते. सतत कंप पावणारे वस्तुमान असते. साधन फिरविले की या वस्तुमानावर कोरिऑलिस बल कार्य करते व ते कंपनाच्या लंब दिशेने सरकते. या सरकण्यावरून कोनीय वेग मिळतो. लेझीम खेळताना मनगटाला दिलेला हिसका त्वरणमापी टिपेल. परंतु मनगट नेमके किती वळले, हे घूर्णदर्शीच सांगू शकेल.

त्वरण ज्ञात असेल तर दोन वेळा संकलन करून स्थान काढता येईल, असे गणित सांगते. व्यवहारात मात्र ते फसते. समजा, मापनात 0.1 मीटर प्रति वर्ग सेकंद इतकी स्थिर चूक आहे. विस्थापनाच्या सूत्रानुसार 10 सेकंदांत ही चूक 5 मीटर होईल. म्हणजे हात जागेवर असतानाही तो खोलीबाहेर गेल्याचे यंत्र सांगेल. म्हणून बाहेरचा एखादा स्थिर आधार आवश्यक ठरतो. 'वी'मध्ये दूरदर्शन संचावर ठेवलेली पट्टी हा तो आधार होता. तिला 'सेन्सर बार' असे नाव असले तरी तिच्यात संवेदक नव्हता. दोन्ही टोकांना केवळ अवरक्त दिवे होते. त्यांना पाहणारा कॅमेरा हातातील नियंत्रकाच्या टोकाशी होता. त्यामुळे पट्टीऐवजी दोन मेणबत्त्या ठेवूनही काम भागत असे, कारण ज्योतीतूनही अवरक्त किरण बाहेर पडतात. 'प्लेस्टेशन मूव्ह'मध्ये याच्या उलट रचना होती. तेथे हातातील नियंत्रकावर प्रकाशणारा गोळा होता व समोर कॅमेरा. गोळ्याचा खरा आकार ठाऊक असल्याने प्रतिमेतील त्याच्या आकारावरून अंतर काढले जाई.

समोरील संवेदक : किनेक्टची दृष्टी

किनेक्टमध्ये खेळाडूच्या हातात काहीही नसते. पहिल्या किनेक्टमध्ये एक रंगीत कॅमेरा, एक अवरक्त प्रक्षेपक, एक अवरक्त कॅमेरा आणि चार मायक्रोफोन होते. प्रक्षेपक खोलीभर हजारो अदृश्य ठिपक्यांची नक्षी पसरवितो. प्रक्षेपक व कॅमेरा यांत सुमारे साडेसात सेंटिमीटर अंतर असल्यामुळे, वस्तू जवळ किंवा दूर असेल त्याप्रमाणे ठिपके कॅमेऱ्याला बाजूला सरकलेले दिसतात. या सरकण्यावरून त्रिकोणमितीने प्रत्येक बिंदूचे अंतर निश्चित होते. भूमापनातील त्रिकोणीकरणाचीच ही लहान आवृत्ती होय. मात्र अंतर वाढेल तशी चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते.

2013 मधील दुसऱ्या किनेक्टने वेगळी पद्धत स्वीकारली. त्यात प्रकाश वस्तूवर आदळून परत येण्यास लागणारा काळ मोजला जातो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो; त्यामुळे दोन मीटरवरील खेळाडूपासून तो सुमारे 13 नॅनोसेकंदांत परत येतो. एवढा अल्प काळ थेट न मोजता, स्पंदित प्रकाशाच्या कलेत पडलेल्या फरकावरून तो काढला जातो.

अंतरांचा नकाशा मिळाला तरी त्यात हात कोणता व गुडघा कोणता, हे यंत्राला ठाऊक नसते. हा प्रश्न मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधन गटाने सोडविला व 2011 मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी शरीराचे 31 भाग कल्पिले आणि संगणकनिर्मित देहाकृतींच्या लाखो प्रतिमांवरून निर्णयवृक्षांना प्रशिक्षण दिले. प्रत्येक बिंदूविषयी 'शेजारचा अमुक बिंदू याहून दूर आहे काय?' असे साधे प्रश्न क्रमाने विचारले जातात व उत्तरांवरून तो बिंदू कोणत्या अवयवाचा असण्याची शक्यता अधिक आहे, हे ठरते. त्यावरून 20 सांध्यांचा सांगाडा तयार होतो आणि ही प्रक्रिया सेकंदाला 30 वेळा होते. यंत्र माणसाला 'ओळखत' नाही. ते पूर्वी पाहिलेल्या आकृत्यांशी तुलना करते. पुढील मर्यादा समजून घेण्यासाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

खेळाबाहेरील उपयोग

डिसेंबर 2007 मध्ये जॉनी चुंग ली या संशोधकाने 'वी'चा नियंत्रक, प्रक्षेपक आणि अवरक्त दिवा बसविलेले पेन यांच्या साहाय्याने अल्प खर्चात परस्परक्रियाशील फळा तयार करून दाखविला. नोव्हेंबर 2010 मध्ये किनेक्ट बाजारात आल्यानंतर काही दिवसांतच ते साध्या संगणकाला जोडणारी खुली आज्ञावली उपलब्ध झाली. त्यामुळे खेळाचे हे साधन यंत्रमानवशास्त्र व त्रिमितीय मापनाच्या प्रयोगशाळांत पोहोचले. शस्त्रक्रियेच्या वेळी निर्जंतुक हातांनी कशालाही स्पर्श न करता रुग्णाच्या प्रतिमा पाहण्यासाठीही शल्यचिकित्सकांनी त्याचा प्रयोग केला.

उपचाराच्या क्षेत्रातील अनुभव विशेष बोधप्रद आहे. पक्षाघाताच्या रुग्णांना हात हलविण्याचा व्यायाम कंटाळवाणा वाटतो. खेळामुळे ते तो आवडीने करतील, ही अपेक्षा होती. 2010 मध्ये टोरांटो येथील 22 रुग्णांच्या प्राथमिक अभ्यासात आशादायक निष्कर्ष मिळाले. त्यानंतर चार देशांतील 141 रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र, 'वी' खेळणारे रुग्ण आणि पत्त्यांसारखे साधे खेळ खेळणारे रुग्ण यांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांना लाभ झाला. म्हणजे गुण उपकरणाचा नसून हेतुपूर्वक केलेल्या पुनरावृत्तीचा होता. महागडे उपकरण नसलेल्या ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने हा निष्कर्ष दिलासादायक म्हणावा लागेल.

मर्यादा

पहिली मर्यादा मापनाची आहे. संवेदक जे मोजतो तेवढेच त्याला कळते. 'वी'वरील टेनिस उभे राहून, संपूर्ण हात फिरवून खेळावे अशी अपेक्षा होती; परंतु खुर्चीत बसून मनगटाचा एक हिसका दिला तरी फटका बसतो, हे खेळाडूंच्या लवकरच लक्षात आले. व्यायाम झाला की नाही, हे नियंत्रकाला कळत नाही. उलटपक्षी अतिउत्साही खेळाने स्नायुबंध दुखावल्याची नोंदही 2007 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात झाली.

दुसरी मर्यादा परिसराची आहे. पहिल्या किनेक्टसाठी खेळाडू व साधन यांत एका व्यक्तीकरिता सुमारे सहा फूट आणि दोघांकरिता आठ फूट मोकळी जागा आवश्यक होती. एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास व झोप होणाऱ्या घरात ही जागा कोठून येणार? सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असल्याने थेट उन्हात ठिपक्यांची नक्षी पुसट होते. मराठवाड्यातील अंगण किंवा ओसरी त्यामुळे त्याच्या उपयोगाची नाही. स्टीलच्या चकचकीत भांड्यांवरूनही चुकीचे परावर्तन होते.

तिसरी मर्यादा सांस्कृतिक आहे. समोर तोंड करून उभा असलेला, हातपाय सुटे दिसणारा मनुष्य हे या यंत्राचे गृहीतक होते. मांडी घालून बसलेल्या व्यक्तीचे पाय एकमेकांआड जातात. साडी किंवा धोतर यांमुळे गुडघ्यांची जागा झाकली जाते. अशा वेळी सांध्यांचा अंदाज चुकतो. बसलेल्या व्यक्तीसाठी 2012 मध्ये दिलेल्या विशेष सोयीत कमरेवरील 10 सांध्यांचाच विचार होता आणि तीही प्रामुख्याने खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होती. खेळांच्या निवडीतही हेच दिसते. 'वी स्पोर्ट्स'मध्ये टेनिस, बेसबॉल, गोल्फ, बोलिंग व मुष्टियुद्ध होते. क्रिकेटसुद्धा नव्हते, तेथे कबड्डी व खो-खो यांची अपेक्षा कशी करावी? कबड्डीत तर खेळाडू एकमेकांना भिडतात. दोन देह एकत्र आल्यावर ते वेगळे ओळखणे या यंत्राला सर्वाधिक कठीण जाते.

चौथा प्रश्न खासगीपणाचा आहे. दिवाणखान्यात सतत चालू राहणारा कॅमेरा व मायक्रोफोन यांविषयी 2013 मध्ये तीव्र नाराजी व्यक्त झाली आणि मायक्रोसॉफ्टला किनेक्टची सक्ती मागे घ्यावी लागली. माणसाची चाल हीदेखील त्याची ओळख असते. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या विदेसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. कनिष्ठ महाविद्यालयांनी तिची नोंद घेणे आवश्यक आहे.

शेवटी, साधनांच्या आयुष्याचाही विचार करावा लागतो. किनेक्टचे उत्पादन 2017 मध्ये थांबले. त्याच्या औद्योगिक आवृत्तीचे उत्पादनही 2023 मध्ये बंद झाले. एखाद्या संस्थेने या साधनावर संपूर्ण प्रयोगशाळा उभी केली असती, तर ती काही वर्षांतच निरुपयोगी झाली असती.

हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात

साधने बंद पडली, तरी तत्त्वे टिकली. किनेक्टसाठी तंत्र पुरविणारी प्राइमसेन्स ही कंपनी 2013 मध्ये ॲपलने घेतली आणि 2017 पासून अवरक्त ठिपक्यांची तीच पद्धत मोबाईलवर चेहरा ओळखण्यासाठी वापरली जाऊ लागली. आज साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावरून शरीराचे 33 बिंदू शोधणाऱ्या मोफत आज्ञावल्या उपलब्ध आहेत. त्वरणमापी तर जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो. म्हणजे ज्या उपकरणासाठी महाविद्यालयाला अनुदानाचा प्रस्ताव पाठवावा लागला असता, ते विद्यार्थ्याच्या खिशात आहे.

जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने 2016 मध्ये उपलब्ध केलेल्या 'फायफॉक्स' या मोफत उपयोजनाद्वारे मोबाईलच्या संवेदकांची मापने थेट पाहता येतात. त्यावर आधारित एक प्रयोग असा : सायकल उलटी ठेवून मागील चाकाच्या आऱ्यांना मोबाईल घट्ट बांधावा. चाक आडवे राहील अशा रीतीने सायकल धरून ते फिरवावे व कोनीय वेग आणि केंद्रगामी त्वरण यांची नोंद घ्यावी. कोनीय वेगाचा वर्ग व त्वरण यांचा आलेख सरळ रेषा देतो आणि तिचा चढ म्हणजे आसापासून संवेदकाचे अंतर होय. हे अंतर 0.25 मीटर असेल व कोनीय वेग सेकंदाला 6 रेडियन असेल, तर त्वरण 9 मीटर प्रति वर्ग सेकंद येते. मोजपट्टीने घेतलेल्या अंतराशी हे उत्तर पडताळता येते. मोबाईलच्या आत त्वरणमापी नेमका कोठे आहे, हेही यातून विद्यार्थी शोधू शकतात. शारीरिक शिक्षण विभागाला उडीचा हवेतील काळ याच पद्धतीने मोजता येईल, कारण त्या काळात संवेदक शून्याच्या जवळ मापन दाखवितो.

हाच संवेदक भूकंपही टिपतो. 21 मार्च व 10 जुलै 2024 रोजी सकाळी हिंगोली परिसरात केंद्रबिंदू असलेले 4.5 तीव्रतेचे भूकंप झाले आणि त्यांचे धक्के परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. सप्टेंबर 2023 पासून भारतात सुरू झालेल्या अँड्रॉइड भूकंप-सूचना प्रणालीत, स्थिर ठेवलेल्या असंख्य मोबाईलमधील त्वरणमापींच्या नोंदी एकत्र करून भूकंप ओळखला जातो. एका मोबाईलची नोंद टेबलाच्या धक्क्याचीही असू शकते. परंतु एकाच वेळी एका परिसरातील अनेक मोबाईल हलले, तर भूमीच हलली असा निष्कर्ष निघतो. जो संवेदक खेळात रॅकेट फिरवितो, तोच येथे सावधगिरीची सूचना देतो.

या मालिकेचे दुसरे टोक म्हणजे लायगो-इंडिया. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2600 कोटी रुपये खर्चाच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात परस्परांना लंब अशा चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. अशा वेधशाळेत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान बदल मोजला जातो. त्यासाठी आरसे जमिनीच्या कंपनांपासून अलिप्त ठेवावे लागतात व ती कंपने आधी संवेदकांनी मोजावी लागतात. मोबाईलचा त्वरणमापी या कामाच्या जवळपासही पोहोचणारा नाही. परंतु टांगलेले वस्तुमान, जडत्व आणि कंपन यांचे मूळ तत्त्व तेच आहे. वेधशाळा आपल्या जिल्ह्यात आणि तिचे विज्ञान जाणणारे विद्यार्थी मात्र अन्यत्रचे, अशी स्थिती होऊ नये, ही जबाबदारी येथील महाविद्यालयांची आहे.

निष्कर्ष

1. हालचाल ओळखणारी साधने त्वरणमापी, घूर्णदर्शी व अवरक्त अंतरमापन या मूलभूत तत्त्वांवर चालतात. कोणताही एकच संवेदक पुरेसा नसतो.
2. उपचारातील त्यांचे मूल्य साधनात नसून त्यांनी प्रवृत्त केलेल्या सरावात आहे.
3. जागा, ऊन, पेहराव व बसण्याची पद्धत यांविषयी या साधनांनी बाळगलेली गृहीतके आपल्या परिसराशी जुळत नाहीत.
4. विशिष्ट उपकरणे कालबाह्य होतात. त्यामुळे अध्यापनाचा भर उपकरणावर नव्हे, तर तत्त्वावर असावा.

शिफारशी

1. पदवीच्या प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांत मोबाईल संवेदकावर आधारित किमान दोन प्रयोगांचा समावेश करावा. ज्या विद्यार्थ्याकडे मोबाईल नाही त्याची अडचण होऊ नये, म्हणून प्रयोग गटाने करावेत.
2. भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र व शारीरिक शिक्षण या विभागांनी संयुक्त प्रकल्प हाती घ्यावेत. कबड्डीतील चढाई किंवा लेझीम यांच्या हालचालींची नोंद हा पदवी स्तरावरील प्रकल्पाचा उत्तम विषय होऊ शकतो.
3. अशा प्रकल्पांत विद्यार्थ्यांच्या शरीराविषयीची माहिती गोळा करण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी व काम संपताच ती माहिती नष्ट करावी.